‘कधीमधीच तर लावतो’

थंडीत खोकला, दमा, सांधेदुखी यांवर आपण पुष्कळ बोलतो. यंदा मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे. तिला रंग नाही, वास नाही, धूर नाही. ती घरात शिरली तरी कळत नाही. आणि तिला घरात बोलावणारे आपणच असतो, ‘कधीमधीच तर’ असे म्हणून.

मी पंचवीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केले. लसीकरण, बाळंतपणे, सिकलसेलची तपासणी यासाठी नागपूरच्या कितीतरी वस्त्या पायाखाली घातल्या. तरी हा धडा मला निवृत्तीनंतर, माझ्याच बहिणीच्या घरात शिकायला मिळाला.

माझ्या भाच्याचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर घराची पुढची दहा बाय दहाची खोली. वर सिमेंटचे पत्रे, समोर शटर. मागे एक खोली, तिच्यात पाच माणसांचा संसार. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार. मोठी मुलगी नऊ वर्षांची, सिकलसेलची एसएस रुग्ण. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्यांना थंडी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पारा आठ-नऊ अंशांवर आला की तिचे हातपाय दुखायला लागतात आणि रात्र रात्र ती कण्हते. म्हणून भाच्याने कुणाकडून तरी जुना गॅस हिटर विकत आणला, सिलिंडरला नळी जोडून पेटवायचा, लाल जाळीचा. रोज परवडत नव्हते. फार थंडी पडली आणि रात्री काम असले की तो लावायचा, महिन्यातून चार-पाच वेळा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी गिऱ्हाइकाला गाडी द्यायची होती. रात्री नऊला त्याने शटर पूर्ण खाली ओढले, हिटर पेटवला आणि कामाला बसला. ऊब आहे म्हणून बायको आणि दोन्ही मुलेही पुढे येऊन बसली. ऊब मागे जाऊ नये म्हणून मधले दार लावून घेतले. माझी बहीण मागे रजई घेऊन झोपली होती.

अकराच्या सुमारास मुलीचे डोके दुखायला लागले. मग सुनेला मळमळले, उलटी झाली. धाकटा पेंगत होता, त्याला झोप आली असेल असे वाटले. सगळ्यांना वाटले, संध्याकाळचे जेवण बाधले. भाचा पाणी आणायला उठला आणि गुडघ्यांवरच बसला. हातातला पाना फरशीवर पडला, त्या आवाजाने बहीण जागी झाली. तिने मधले दार उघडले. चौघांची अवस्था बघून तिने आधी शटर वर ढकलले आणि मग शेजाऱ्यांना हाका मारल्या.

शेजारी जमले. कुणी म्हणाले, जेवणात काही गेले असेल. बहीण म्हणाली, “मी बी तेच खाल्लं ना, मले कायले नाही झालं?” एक आजीबाई हळूच म्हणाल्या, “एका घरात एकदम चौघांले? बाहेरचं दिसते.” एकाने कोरोनात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र आणले. मुलीच्या बोटाला लावले, तर आकडा ९८. “ऑक्सिजन तर बरोबर आहे, सकाळी पाहू,” असा विचार सुरू झाला. तेवढ्यात मी पोहोचले. मलाही लगेच उलगडले नाही, हे कबूल करते. पण मुलगी उभी राहत नव्हती, म्हणून १०८ ला फोन केला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : “खोलीत काही पेटवलं होतं का?” आम्ही तोपर्यंत तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. चौघांनाही रात्रभर ऑक्सिजन लावला. चौघेही वाचले. दुसऱ्या दिवशी भाचा मला म्हणाला, “मावशी, रोज थोडी लावत होतो? कधीमधीच तर लावत होतो.”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

आधी नेमके काय घडते ते समजून घेऊ. काहीही जळायला हवेतला प्राणवायू लागतो. हवेत तो साधारण २१ टक्के असतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पूर्ण जळायला अंदाजे १२ घनमीटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत सगळी मिळून सुमारे २५ घनमीटर हवा असते. मध्यम आचेवरचा हिटर तासाला पाव किलोच्या आसपास गॅस खातो. म्हणजे खोली अगदी बंदिस्त असेल तर तासा-दीड तासात प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात चार माणसांचा श्वास वेगळा. तिथून पुढे ज्योत नीट जळत नाही. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. हिटरची जाळी जुनी, तुटलेली किंवा धुळीने भरलेली असेल, तर तो पहिल्या मिनिटापासूनच होऊ शकतो.

हा वायू फुप्फुसांतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. प्राणवायूपेक्षा तो हिमोग्लोबिनला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. बसमधल्या सगळ्या जागा एखाद्या टोळक्याने अडवून ठेवाव्यात आणि खरे प्रवासी फाट्यावरच राहावेत, तसे होते. रक्त धावत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. बोटाला लावायचे साधे यंत्र इथेच फसते. जागा भरली आहे एवढेच त्याला दिसते, कुणी भरली ते दिसत नाही. म्हणून आकडा ९८ येतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो. हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

‘आम्हाला वास आला असता ना’ असे पुष्कळजण म्हणतात. सिलिंडरमधून गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास कंपन्या मुद्दाम मिसळतात. गॅस जळाला की तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही. गळती ओळखणारे नाक इथे उपयोगाचे नाही.

आता ‘कधीमधी’कडे येऊ. माझे स्पष्ट मत आहे की कधीमधी लावलेला हिटर रोजच्या चुलीपेक्षा जास्त घातक ठरू शकतो. रोज चूल पेटते त्या घरात धूर जायला वाट ठेवलेली असते. चुलीचा धूरही वाईटच, पण तो डोळ्यांत जातो, खोकला आणतो आणि माणसाला उठून दार उघडायला लावतो. महिन्यातून चारदा पेटणाऱ्या हिटरसाठी कोण भिंतीला झरोका पाडणार? नळी, रेग्युलेटर, जाळी वर्षातून नऊ महिने माळ्यावर पडून असतात. उंदीर नळी कुरतडतात, कोळी बर्नरच्या भोकात जाळे करतात. थंडी पडली की तो खाली काढायचा, फुंकर मारायची आणि पेटवायचा. आणि तो पेटतो केव्हा? जी रात्र सगळ्यात थंड असते, तेव्हा. त्याच रात्री आपण दाराखाली गोणपाट कोंबतो, खिडकीच्या फटीत चिंध्या भरतो. म्हणजे ज्या रात्री हवा सगळ्यात जास्त लागते, त्याच रात्री हवेची सगळी वाट बंद असते. मागे चार वेळा काही झाले नाही, तेव्हा शटर वीतभर वर असेल किंवा काम लवकर आटोपले असेल. त्या चार वेळांनी पाचवीची हमी दिलेली नव्हती.

हे फक्त वस्तीत घडते असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन या थंड ठिकाणी केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत झोपले. त्यात चार मुले होती. खोलीत गॅस हिटर लावलेला आणि दारे-खिडक्या बंद. सकाळी आठही जण बेशुद्ध आढळले, कुणीही वाचले नाही. ती शिकलेली, पैसे मोजून राहिलेली माणसे होती. तेव्हा अडाणीपणाचा शिक्का आपल्या लोकांवर मारायचे कारण नाही. हा वायू जात, शिक्षण, पगार काही बघत नाही. पण खोली किती लहान आणि किती बंद, एवढे मात्र तो बघतो, आणि लहान खोल्या कुणाच्या वाट्याला येतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या समाजात एक गोष्ट आणखी आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आपल्यात बरेच आहेत. बायकांमध्ये रक्त कमी असणे तर घरोघर. ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यांची शिल्लकच कमी. त्यातली थोडी या वायूने अडवली तरी त्यांची तब्येत इतरांच्या आधी ढासळते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो. भाच्याने हिटर आणला होता तो लेकीसाठी, आणि त्या रात्री सगळ्यात आधी डोके धरले ते तिनेच.

गॅरेजमध्ये दुसरे संकट आगीचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवर पसरते. कार्ब्युरेटर धुवायला वाटीत ठेवलेले पेट्रोल, थिनर, स्प्रेचा रंग यांची वाफ जमिनीलगत सरकत सरकत फरशीवर ठेवलेल्या हिटरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. गळलेला स्वयंपाकाचा गॅसही असाच खाली साचतो. म्हणून पेट्रोल उघडे आहे तिथे ज्योत नको, हा नियम एका रात्रीसाठीही मोडू नये. आणि शटर लावून गाडी रेस करून बघणे तर कधीच नको. गाडीच्या धुरातही तोच विषारी वायू असतो.

ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. आपल्याकडे हिटरपेक्षा जास्त पेटते ती कोळशाची सिगडी. पुष्कळ घरांत सिगडी अंगणात पेटवतात, धूर संपला आणि निखारे लाल फुलले की आत आणतात. धूर नाही म्हणजे त्रास नाही, असा समज. खरे तर फुललेल्या निखाऱ्यांतूनच हा वायू भरपूर निघतो. वर राख टाकली तरी तो निघत राहतो. बाळंतिणीची खोली हे त्याचे नेहमीचे ठिकाण. बाळ-बाळंतिणीला शेक हवा म्हणून खाटेखाली सिगडी ठेवायची आणि वारा लागू नये म्हणून दार लावायचे, ही पद्धत मी माझ्या नोकरीत पुष्कळ घरांत बंद करायला लावली. पण तेव्हा मी धुराचे कारण सांगायची. आज मी वायूचे कारण सांगते.

बाथरूममधला गॅस गिझर हा तिसरा प्रकार. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. आतच असेल तर दार उघडे ठेवून आधी बादली भरा, गिझर बंद करा, आणि मगच आत जाऊन आंघोळ करा. गिझर चालू ठेवून, कडी लावून आंघोळ करू नका.

ओळखायचे कसे? डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलटी, अंगात त्राण नसणे, बोलणे अडखळणे, नको तेवढी झोप येणे. ताप नसतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते. एवढे दिसले आणि खोलीत काही पेटलेले असेल, तर जेवण, नजर, बाहेरचे या चर्चेत एक मिनिटही घालवू नका. कारण समोर पेटलेले असते, ते शोधायला भगताकडे जावे लागत नाही.

आधी दारे, खिडक्या, शटर उघडा. माणसांना मोकळ्या हवेत आणा. जाता जाता हाताशी असेल तर हिटर बंद करा, पण त्यासाठी आत थांबू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. एका कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर तेही फोनवर लगेच सांगा आणि ते सांगतील तसे करा. दवाखान्यात पोहोचताच ‘बंद खोलीत हिटर किंवा सिगडी पेटलेली होती’ हे पहिल्या वाक्यात सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला तर तासा-दीड तासात होतो. म्हणून ‘आता बरं वाटते’ म्हणून घरी बसू नका. काहींना विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असा त्रास काही दिवसांनी, आठवड्यांनीही दिसतो. गॅस गळतीचा वास आला तर मात्र क्रमांक वेगळा, १९०६.

आता खरा प्रश्न. हिटर नको, सिगडी नको, मग थंडीचे काय? लेकरू कण्हत असताना ‘सावध राहा’ एवढे सांगून मोकळे होणे मला पटत नाही. माझे सांगणे आहे की बंद खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवा. थंडी अर्धी जमिनीतून येते. चटईखाली पुठ्ठे, जुने पोते, वर गोधडी असे तीन थर घाला. डोके, कान, पाय झाका. रबरी पिशवीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवा. सिकलसेलच्या लेकराला संध्याकाळी गार पाण्यात हात घालू देऊ नका, कोमट पाणी भरपूर पाजा, गोळ्या चुकवू नका, आणि दुखणे वाढले तर शेकत बसण्याऐवजी दवाखाना गाठा. विजेचा हिटर लावायचा तर हजार वॉटचा हिटर तासाला एक युनिट घेतो. झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद केला तरी खोली उबदार होते. तो भिंतीतल्या चांगल्या पॉइंटवर लावा, लोंबत्या एक्स्टेन्शनवर नको, आणि त्यावर कपडे वाळवू नका.

गॅरेजमध्ये ज्योत लावल्यावाचून भागतच नसेल तर शटर दोन हात वर, समोरची किंवा वरची खिडकी उघडी, लेकरे बाहेर, पेट्रोल बाहेर, आणि माणूस जागा. डोळा लागण्याआधी हिटर बंद. पण झोपायच्या खोलीत ज्योत आणि निखारा, दोन्ही अजिबात नकोत. तिथे ‘कधीमधी’ला जागा नाही.

आणि सगळा भार आपल्याच माणसांवर टाकून चालणार नाही. आपल्या वस्तीतले किती बाप-भाऊ रात्री मोठ्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चौकीदारी करतात! चार बाय चारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ते घमेल्यात कोळसे पेटवून बसतात. वरच्या मजल्यावर एसी चालतो आणि खाली त्यांच्यासाठी एक विजेचा हिटर मिळत नाही. तो मागणे म्हणजे भीक नव्हे. रात्रपाळी करून घेणाऱ्याने ऊब आणि हवा द्यायलाच हवी. तसेच रमाई आवास योजनेतून घर बांधताना ‘झरोका कशाला, उगाच थंडी येते’ असे म्हणून भिंत बुजवू देऊ नका. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन झरोके ठेवा, एक वर, एक खाली. डासांसाठी जाळी लावा, पण विटा लावू नका.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढा. कुणाच्या घरी हिटर, सिगडी, गिझर आहे, कुणाच्या घरी सिकलसेलचे लेकरू किंवा बाळंतीण आहे, याची यादी महिला मंडळाने करावी. थंडी उतरेपर्यंत त्या घरांत एक चक्कर टाकावी आणि रात्री खोलीत काय पेटते एवढेच विचारावे. यासाठी पैसा लागत नाही.

माझ्या भाच्याने हिटर भंगारात दिला. विकला नाही, कारण विकला असता तर तो दुसऱ्या कुणाच्या बंद खोलीत पेटला असता. शटरच्या वर त्याने वीतभर झरोका पाडून घेतला. यंदा तो रात्री काम करतो तेव्हा शटर अर्धे वर असते आणि मुलगी मागच्या खोलीत आजीच्या रजईत असते. परवा मी गेले तेव्हा ती मला म्हणाली, “मावशीआजी, थंडी वाजते, पण डोकं नाही दुखत.”